सटवाईची अक्षरे

अरबी भाषेत ‘मक्तूब’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘लिहिलेले’. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेरकडील वाचकांना तो उर्दूच्या सहवासाने ठाऊक असेल. तेथे मक्तूब म्हणजे पत्र. अरबांच्या बोलण्यात मात्र तो प्रारब्धाच्या अर्थानेही येतो. चाळिशीतला धडधाकट माणूस एकाएकी छातीत कळ येऊन गेला, की घरची वडीलधारी मंडळी ‘मक्तूब’ म्हणतात आणि सुस्कारा सोडतात. आपल्याकडे हेच काम सटवाईकडे सोपविलेले आहे. मूल जन्मल्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री पाट्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा तेवत ठेवायचा, आणि ती येऊन बाळाच्या कपाळी काय लिहून जाते ते कोणी पाहायचे नाही, असा रिवाज आजही पुष्कळ घरांत पाळला जातो.

गेल्या वीस वर्षांत जीवशास्त्रज्ञांनी हा लेख वाचण्याचा उद्योग आरंभिला आहे. थुंकीचा किंवा रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यातील लक्षावधी जनुकीय खुणा तपासायच्या, आणि या माणसाला हृदयविकार अथवा मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षा किती अधिक वा उणा आहे याचा एक आकडा काढायचा. ज्यांची मुले-सुना दुबई, दोहा, कुवेत येथे नोकरीस आहेत, अशा वाचकांनी या सदराकडे विचारणा केली आहे, की आखातात या तपासण्यांचा एवढा गाजावाजा चालला आहे, त्यात तथ्य किती? प्रश्न अरब देशांचा असला तरी त्याचे एक टोक आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचते. पण आधी अरबांचे पाहू.

हृदयविकाराचा पहिला झटका जगात कोठे कोणत्या वयात येतो, याची एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मूळचे केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ हे तिचे सूत्रधार होते. ५२ देशांतील सुमारे ३० हजार माणसे तीत समाविष्ट होती. पश्चिम युरोपातील रुग्णांचे मधले वय साठीच्या पुढे भरले. दक्षिण आशियातील, म्हणजे आपले, ५३. आणि मध्यपूर्वेतील ५१. जगातील सर्वांत कमी वय ते हेच. साठीला येणारा झटका आणि पन्नाशीला येणारा झटका यांत केवळ दहा वर्षांचे अंतर नसते. पन्नाशीच्या माणसाची मुले अजून शिकत असतात, घराचे कर्ज फिटलेले नसते, मुलीचे लग्न व्हायचे असते.

मधुमेहाचीही तीच कथा आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका या विभागात ७ कोटी ३० लाख प्रौढ मधुमेही होते, शेकडा सोळा. (या विभागात पाकिस्तान व इराणही धरले आहेत, हे लक्षात ठेवावे, ते अरब देश नव्हेत.) कुवेतमध्ये तर हे प्रमाण शेकडा पंचविसाच्या घरात गेले. चार प्रौढांत एक!

हे एवढे कशाने झाले? बहरीनमध्ये तेल सापडले १९३२ साली, कुवेत व सौदी अरबस्तानात १९३८ साली. त्यापूर्वी आखाताच्या किनाऱ्यावरचा माणूस उन्हाळाभर समुद्रात बुड्या मारून मोती काढी, आणि ते मोती विकले जात मुंबईच्या बाजारात. वाळवंटातला बदाऊनी उंटाचे दूध, खजूर आणि क्वचित मांस यांवर राही व मैलोगणती चाले. त्याच्या नातवाला मात्र थंड हवेची मोटार मिळाली, साखरेची पेये मिळाली, आणि बाहेर ४५ अंशांचे ऊन असल्यामुळे चालण्यापासून कायमची सुटका मिळाली. १९६२ साली जेम्स नील या अमेरिकन आनुवंशतज्ज्ञाने अशी कल्पना मांडली होती, की दुष्काळात तग धरण्यासाठी अन्न काटकसरीने साठविणारी जी जनुके पूर्वी उपकारक ठरली, तीच सुबत्तेत वैरी होतात. कल्पना मोठी मोहक आहे. पण तिला भक्कम पुरावा अजून लाभलेला नाही, आणि तिच्यावर फार भिस्त ठेवू नये असे माझे मत आहे.

भिस्त ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती ध्यानात आली की पुढचे सारे सुकर होते. आजोबा आणि नातू यांच्या जनुकांत दोन पिढ्यांत फरक पडत नाही. मग साथ आली ती जनुकांमुळे नव्हे, राहणीमुळे आली. परंतु एकाच राहणीत, एकाच ताटात जेवणाऱ्या चार भावांपैकी एकाला पस्तिशीत मधुमेह होतो आणि दुसरा सत्तरीतही खजूर खात सुखाने बसतो, हा जो फरक, त्यात मात्र जनुकांचा वाटा असतो. वणवा का लागला हे जनुकीय तपासणी सांगू शकत नाही. पहिल्यांदा पेटण्याजोगे वाळलेले झाड कोणते, एवढेच ती सांगू पाहते.

या शास्त्राचा आरंभ अरब भूमीत झाला तो गाजावाजाने नव्हे. लेबनॉनची राजधानी बैरूत येथे एक जुने अमेरिकन विद्यापीठ आहे. तेथील डॉ. अवेदिस खाचादुरियन यांच्याकडे काही विलक्षण मुले येत. कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी. आणि त्या गाठी म्हणजे त्वचेखाली साचलेले कोलेस्टेरॉल. ही मुले दहाव्या-पंधराव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात हृदयविकार हा शब्दही उच्चारू नये त्या वयात, हृदयाच्या झटक्याने दगावत. खाचादुरियन यांनी या मुलांच्या आईबापांचे, भावंडांचे, चुलत-मावस नातेवाइकांचे रक्त तपासले. तेव्हा माणसांचे तीन स्पष्ट गट पडले. काहींचे कोलेस्टेरॉल सर्वसाधारण, काहींचे त्याच्या दुप्पट, आणि त्या दुर्दैवी मुलांचे चौपट. मधले काहीच नाही. १९६४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्थ असा, की एकाच जनुकाचा हा दोष आहे. आई व बाप यांपैकी एकाकडून आला तर दुप्पट. दोघांकडूनही आला तर चौपट.

हा दोष नेमका कोठे आहे, हे त्यानंतर दहा वर्षांच्या आत अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखविले. यकृताच्या पेशींवर कोलेस्टेरॉलचे कण पकडून आत ओढणारे एक प्रथिन असते. दारावरच्या पहारेकऱ्याप्रमाणे ते रक्तातील मेद आत घेते व रक्त स्वच्छ राखते. तेच निम्मे असले वा मुळीच नसले, तर मेद रक्तातच हिंडत राहतो आणि धमन्यांच्या भिंतींत रुतून बसतो. या शोधाबद्दल दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९८७ साली त्यांच्याच प्रयोगशाळेने लेबनॉनमधील त्या कुटुंबांतली चूक अक्षरशः बोट ठेवून दाखविली. या प्रथिनाची ८३९ घटकांची साखळी असते. ६६०व्या जागी एक अक्षर बदलल्यामुळे तेथेच पूर्णविराम पडतो. उरलेली साखळी तयारच होत नाही आणि अर्धवट बनलेला पहारेकरी पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही, आत अडकून पडतो. शास्त्रीय ग्रंथांत या दोषाला ‘लेबनीज’ हेच विशेषण कायमचे चिकटले आहे.

सामान्यतः हा दोष एका बाजूने मिळालेली माणसे जगात सुमारे अडीचशे ते तीनशेंत एक असतात. लेबनॉनमधील ख्रिस्ती समाजात मात्र ते प्रमाण पंचाऐंशीत एक असावे, असा जुना अंदाज आहे. डोंगराळ प्रदेशातली, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरीक करणारी वस्ती. कोणा एका पूर्वजाच्या अंगची चूक शेकडो घरांत पसरली. सीरियातील अरब कुटुंबांतही ती सापडते.

येथे नात्यातल्या लग्नांचा विषय ओघानेच येतो. अनेक अरब देशांत शेकडा वीस ते पन्नास विवाह जवळच्या नात्यात होतात, आणि त्यांत ‘बिंत अम्म’, म्हणजे चुलत्याची मुलगी, हिला पहिला मान. आपल्याकडे चुलत बहीण सगोत्र, म्हणून ते नाते मनातही आणायचे नाही. परंतु बेळगाव, धारवाड, हैदराबाद या पट्ट्यात मामाची मुलगी करण्याची चाल घरोघर आहे, आणि क्वचित सख्ख्या भाचीशीही मामाचे लग्न होते. निसर्गाला गोत्र कळत नाही. चुलत असो की मामे, अशा भावंडांच्या जनुकांचा एक-अष्टमांश भाग समान असतो. मामा-भाचीच्या बाबतीत एक-चतुर्थांश. तेव्हा अरबांच्या चालीला नावे ठेवताना आपण जरा बेताने बोलावे.

नात्यातल्या लग्नाने नेमके काय होते, याविषयी मात्र गैरसमज फार आहेत. ज्या रोगाला दोन्ही बाजूंनी तोच दोष यावा लागतो, त्याचा संभव अशा लग्नांनी खचित वाढतो. थॅलसेमिया हे त्याचे ठळक उदाहरण. लेबनॉनमध्ये कोलेस्टेरॉलच्या रोगाचाही एक असा प्रकार सापडला, की ज्यात आईबाप अगदी निरोगी आणि मूल मात्र आजारी. त्याचे जनुक २००१ साली हाती लागले, आणि ते सार्डिनिया बेटावरील व लेबनॉनमधील कुटुंबांच्या अभ्यासातून लागले. पण नेहमीचा मधुमेह आणि नेहमीचा हृदयविकार यांची गोष्ट निराळी. ते एका जनुकाचे रोग नव्हेत. त्यामुळे मामेबहिणीशी लग्न केले म्हणून मुलांना मधुमेह झाला, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

विवाहपूर्व रक्ततपासणी सौदी अरबस्तानात २००४ पासून सक्तीची आहे. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२५ पासून आपल्या नागरिकांना लग्नापूर्वी पाचशेहून अधिक जनुकांची तपासणी बंधनकारक केली. आपल्याकडे छत्तीस गुण जुळवून पाहतात, त्याचेच हे नवे रूप, असे कोणी म्हटल्यास मी हसण्यावारी नेणार नाही. फरक इतकाच, की येथे जुळू नये अशी गोष्ट शोधायची असते. तथापि ही तपासणी एकेकट्या जनुकांच्या रोगांपुरती आहे. मधुमेह वा हृदयविकार यांचे भाकीत त्यातून निघत नाही.

ते भाकीत करणारी रीत दुसरी आहे आणि तिची घडण नीट समजून घेण्याजोगी आहे. नेहमीच्या हृदयविकारामागे हजारो जनुकीय फरक असतात. प्रत्येकाचा प्रभाव नगण्य. एखादा धोका शेकडा दोनने वाढवितो, एखादा एकाने घटवितो. तेव्हा शास्त्रज्ञ असे करतात: लाखो लोकांची जनुके आणि त्यांचे आजार यांची सांगड घालतात, कोणती खूण आजाऱ्यांत किती अधिक आढळते ते पाहतात, त्यानुसार प्रत्येक खुणेला वजन देतात, आणि मग एकेका माणसाच्या साऱ्या खुणांची बेरीज करतात. ही बेरीज म्हणजे त्याचा जोखीमगुण. २०१८ साली बॉस्टनमधील संशोधकांनी ६६ लाख खुणांवरून असा एक गुण तयार केला आणि ब्रिटनमधील लाखो स्वयंसेवकांवर तो पडताळून पाहिला. शेकडा आठ लोक असे निघाले, की ज्यांचा हृदयविकाराचा धोका इतरांच्या तिप्पट वा त्याहून अधिक होता. आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. लेबनॉनच्या मुलांसारख्या पिवळ्या गाठी त्यांच्या अंगावर नव्हत्या.

मोठीच गोष्ट आहे ही. पण गोम अशी, की या हिशेबासाठी लागणारी माणसे आली कोठून? २०१९ पर्यंतच्या अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी शेकडा ७९ लोक युरोपीय वंशाचे होते. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा शेकडा सोळा. म्हणजे गज एकाचा, आणि मोजायचे सर्वांना.

असे मोजल्याने बिघडते काय? माणसे तर सारी एकच! बिघडते ते असे. ज्या खुणा आपण मोजतो, त्या बहुधा स्वतः गुन्हेगार नसतात. गुन्हेगाराच्या शेजारी राहणाऱ्या असतात. एखाद्या गावात पत्ता सांगताना आपण म्हणतो, ‘पारावरच्या पिंपळासमोरचा वाडा’. त्या गावापुरता तो पत्ता अचूक असतो. पण हाच कागद घेऊन कोणी दुसऱ्या गावी गेला, तर तेथे पिंपळ असेलही, त्यासमोर देऊळ असेल, आणि वाडा दोन गल्ल्या पलीकडे. युरोपीय लोकांच्या इतिहासात ज्या खुणा दोषी जनुकाजवळ राहिल्या, त्या अरबांच्या, आफ्रिकनांच्या किंवा आपल्या इतिहासात तेथेच राहिल्या असतील असे नाही. हजारो वर्षांच्या पिढ्यांत गुणसूत्रांची काटछाट व अदलाबदल निरनिराळी झाली. शिवाय एखादा दोष युरोपात दुर्मीळ आणि अरबांत सर्रास असेल, तर युरोपच्या गजावर त्याची रेघच उमटलेली नसते. आइसलँडमधील संशोधकांनी २००६ साली दाखविलेले मधुमेहाचे एक ठळक जनुक घ्या. युरोपात त्याचा प्रभाव निर्विवाद. ट्युनिशियातील अरबांतही तो दिसला. सौदी अरबांत मात्र तो अगदी क्षीण निघाला.

आणि मुळात ‘अरब’ ही एक जात आहे काय? अरब संघात २२ सदस्य आहेत. मोरोक्कोच्या पर्वतातला बर्बर रक्ताचा माणूस, नाईलच्या काठचा शेतकरी, लेबनॉनचा ख्रिस्ती, येमेनचा डोंगरी, ओमानचा खलाशी, ही सारी अरबी बोलतात. एकटे कतार घेतले तरी २०१० सालच्या एका अभ्यासात त्या एवढ्याशा देशाच्या नागरिकांत तीन वेगळे प्रवाह आढळले: एक बदाऊनी, दुसरा इराणकडे व आपल्या उपखंडाकडे झुकणारा, आणि तिसरा आफ्रिकेशी नाते सांगणारा. समुद्राच्या वाटेने आलेला सारा इतिहास रक्तात शिल्लक आहे. मराठी म्हटले की तंजावरचा मराठी आणि बडोद्याचा मराठी यांत जसे अंतर मानावे लागते, तसेच हे, किंबहुना अधिक.

म्हणून अरब राष्ट्रांनी आपला गज आपणच घडवायचे ठरविले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पैसा होता, हे खरेच. पण पैसा असूनही तो अशा कामी लावणारे थोडेच असतात. कतारने २०१२ साली नागरिकांच्या रक्ताचे व आरोग्यविषयक माहितीचे भांडार उघडले. अमिरातीने २०१९ साली दहा लाख नागरिकांची जनुके वाचण्याचा संकल्प सोडला. सौदी अरबस्तानातही असाच उपक्रम चालू आहे. कतारमधील सहा हजारांहून अधिक लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. रक्ततपासणीत दिसणाऱ्या ४५ बाबी तीत घेतल्या होत्या. युरोपात ठाऊक असलेले बहुतेक जनुकीय संबंध येथेही दिसले. पण सतरा संबंध नवे आणि मुख्यत्वे कतारी लोकांतच आढळणारे होते, आणि युरोपीय सामग्रीवरून काढलेले गुण येथे लावले असता त्यांचा अचूकपणा उणावला. २०२२ साली हृदयविकारापुरती वेगळी परीक्षा झाली. एक हजारांवर अरब हृदयरोगी आणि त्यांच्या तुलनेस सहा हजारांवर माणसे. तीत जुने गुण बऱ्यापैकी उपयोगी पडले. तेव्हा परका गज अगदीच टाकाऊ नाही, आणि पुरता विश्वासाचाही नाही. शास्त्राची उत्तरे अशीच अर्धी-मुर्धी येतात.

परंतु या भांडारात सामील होतात ते मुख्यत्वे नागरिक, किंवा कतारच्या बाबतीत पंधरा वर्षे तेथे काढलेले रहिवासी. आखातात वस्तीला असलेल्या माणसांत बहुसंख्य परदेशी, आणि त्यांत सर्वांत मोठा भरणा भारतीयांचा. बार्देशचा तरुण दोहात दहा वर्षे राबला, तरी त्याचा थेंब त्या भांडारात पडत नाही. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. ज्याचे घर त्याने प्रथम आपल्या माणसांची चौकशी करावी, हे रीतीला धरूनच आहे. फक्त तेथील निष्कर्ष आपल्या मुलांना लागू पडतील अशा समजुतीत कोणी राहू नये.

सर्व समाजांचे रक्त पाहिले तर काय हाती लागते, याची एक कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. तीत दोन अरब नावे आहेत. २००३ साली पॅरिसमध्ये काम करणाऱ्या, लेबनॉनच्या मरियान अबीफादेल यांनी सहकाऱ्यांसह काही फ्रेंच कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचे कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेले, पण तो ठाऊक असलेला पहारेकरी मात्र शाबूत. दोष दुसऱ्याच एका जनुकात निघाला. त्याच वर्षी, कैरोत जन्मलेल्या आणि कॅनडातील माँट्रियल येथे संशोधन करणाऱ्या नबील सैदा यांनी ते जनुक व त्याचे प्रथिन हुडकून काढले होते. हे प्रथिन पहारेकऱ्यांना मोडीत काढते. ते फार उत्साही झाले की पहारेकरी कमी पडतात, कोलेस्टेरॉल वाढते. मग प्रश्न असा आला, की ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच दुबळे आहे, त्यांचे काय? अशी माणसे सापडली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत. शेकडा अडीचांच्या आसपास. २००६ साली कळले, की त्यांचे घातक कोलेस्टेरॉल शेकडा २८ ने कमी, आणि हृदयविकाराचे प्रमाण शेकडा ८८ ने कमी. केवळ गोऱ्यांचीच तपासणी करीत बसते, तर हे उत्तर मिळायला आणखी किती वर्षे लागती कोण जाणे. त्याच तत्त्वावर हे प्रथिन निकामी करणारी इंजेक्शने २०१५ पासून वापरात आली आहेत, आणि ज्यांना गोळ्या पुरत नाहीत अशा रुग्णांना ती सर्व खंडांत मिळतात. औषधाला वंश नसतो. त्याच्या शोधाला मात्र सारे वंश लागले.

आता या गुणाचा घरगुती उपयोग किती ते पाहू. ‘तुमचा धोका दुप्पट आहे’ असे कागदावर आले, की छातीत धस्स होते. पण कशाच्या दुप्पट? तीस वर्षांच्या, सडपातळ, तंबाखू न ओढणाऱ्या मुलीचा येत्या दहा वर्षांतला धोका हजारात एक असेल, तर दुप्पट म्हणजे हजारात दोन. पंचावन्न वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या तिच्या काकांचा धोका शंभरात पंधरा असेल, तर दुप्पट म्हणजे शंभरात तीस. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) काकांनी डॉक्टरांकडे जावे. मुलीने निवांत झोपावे. उलटही खरे. ‘धोका कमी’ असा शेरा मिळालेला गृहस्थ रोज दोन पाकिटे सिगारेट ओढू लागला, तर तो कागद त्याला वाचविणार नाही.

२०१६ साली सुमारे ५५ हजार लोकांच्या माहितीवरून एक हिशेब प्रसिद्ध झाला. धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित हालचाल, बरा आहार, या चार सवयी पाहिल्या. ज्यांचा जनुकीय धोका सर्वाधिक होता, त्यांच्यातही यांतल्या तीन-चार पाळणाऱ्यांना हृदयविकार झाला तो एखादीच पाळणाऱ्यांच्या जवळजवळ निम्माच. ती माणसे प्राधान्याने युरोपीय वंशाची, हे येथेही ध्यानी ठेवावे. तरी सटवाईने लिहिलेल्या ओळीत निम्मी खाडाखोड करता येते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

आणि आपले काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. देशात मधुमेही १० कोटींवर. प्रौढांत शेकडा ११.४. सर्व राज्यांत अग्रस्थान मिळाले ते गोव्याला, शेकडा २६.४. कुवेतच्या पंक्तीला जाऊन बसलो आपण! तेलाची विहीर नाही, वाळवंट नाही. तरी आकडा तोच. आखातात गेलेला मुलगा तेथला आहार घेऊन आजारी पडेल ही धास्ती बाळगणाऱ्या मातापित्यांनी आधी आपल्या घरातल्या डब्यांकडे पाहिले तरी चालेल.

थुंकी पाठवून घरबसल्या जोखीमगुण मागविण्याच्या जाहिराती आता आपल्याकडेही येऊ लागल्या आहेत. मागवायचाच असेल तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: हा गुण कोणत्या लोकांच्या माहितीवरून बनविला, आणि भारतीयांवर पडताळून पाहिला आहे काय? उत्तर गुळमुळीत आले तर ते पैसे दुसरीकडे खर्चावेत. कोठे, तेही सांगतो. घरात वडील, चुलते, मामा किंवा भाऊ यांना पंचावन्न वर्षांच्या आत, अथवा आई, आत्या, मावशी यांना पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर घरातल्या प्रत्येकाचे कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे. लहान मुलांचेही, दोन वर्षांनंतर ते केव्हाही करता येते. घातक कोलेस्टेरॉल मोठ्या माणसात १९० च्या वर, वा मुलात १६० च्या वर आढळले, तर ते तेलकट खाण्यावर ढकलून मोकळे होऊ नये. बैरूतच्या त्या कुटुंबांसारखा दोष असण्याचा संभव धरून तज्ज्ञाला दाखवावे. एकात तो निघाला, की त्याच्या सख्ख्या भावंडांत व मुलांत तो असण्याचा संभव निम्मा असतो. आणि दोष असलेल्या मुलाला आठव्या-दहाव्या वर्षापासून साध्या गोळ्या सुरू केल्या, तर त्याच्या धमन्या बऱ्याच अंशी इतर मुलांसारख्या राखता येतात. मामाची मुलगी केलेल्या घरांत ही तपासणी दोन्ही अंगांनी करावी, म्हणजे सासर-माहेर असा वाद उरणार नाही. तेथे ते एकच असते.